तारणाचा रुपया

माणसाची पारख करताना आपण नाण्याची भाषा वापरतो. एखादा माणूस खणखणीत नाणे असतो, एखादा खोटा निघतो, तर एखाद्याची दुसरी बाजू आपल्याला उशिरा दिसते. गंमत अशी, की ज्या नाण्याच्या नावाने आपण एवढे बोलतो, ते नाणे मात्र आपण कधी नीट पाहत नाही. ते हातात येते, खिशात जाते आणि दुकानदाराच्या गल्ल्यात पडते. त्याच्या कडेवर काय आहे, त्याची पाठ कशी आहे, हे विचारले तर आपल्यापैकी दहातले नऊ जण गप्प बसतील. गेल्या वर्षी एक रुपया नीट पाहण्याची वेळ माझ्यावर आली. त्या निमित्ताने जे समजले, ते वाचक मित्रांपुढे ठेवतो.

माझे गाव प्रकाशा. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे हे गाव दक्षिणकाशी म्हणून ओळखले जाते. काशी करून आलेला माणूसही प्रकाशा केल्याशिवाय आपली यात्रा पुरी झाली असे मानत नाही. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर यांच्या दर्शनाला आणि अस्थी घेऊन येणाऱ्यांची वर्दळ घाटावर बारा महिने असते. आलेला प्रत्येक जण नदीला हात जोडतो आणि एक नाणे पाण्यात टाकतो. आमच्या तापीच्या पोटात किती नाणी असतील, याचा हिशेब तिलाच ठाऊक!

तापीचे आणि नाण्यांचे नाते तसे जुने आहे. वरच्या अंगाला बऱ्हाणपूर आणि खालच्या अंगाला सुरत, अशा दोन्ही ठिकाणी मोगलांच्या टाकसाळी होत्या. गाव तर त्याहून पुष्कळ जुने आहे. १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी आमच्या पांढरीच्या टेकाडात उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती उजेडात आली. अशा गावात जुने नाणे दिसले तर त्याचे नवल कोणाला वाटत नाही. जमिनीत पुरलेला ठेवा सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, असा १८७८ चा निखात निधी कायदा आहे. हे मात्र गावात फारच थोड्यांना माहीत आहे.

माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, घाटावर नारळ, फुले, उदबत्ती आणि द्रोणातले दिवे विकण्याची लहानशी हातगाडी आहे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेले नाही. आबांना सही करता येते आणि हिशेब तोंडी येतो. या हातगाडीवरच तो रुपया आमच्याकडे आला.

गुरू सिंह राशीत आला म्हणजे बारा वर्षांनी प्रकाशाला गौतमेश्वराची मोठी यात्रा भरते. २०१५-१६ च्या सिंहस्थात मी चौथीत होतो आणि शाळा सुटली की गाडीवर जाऊन बसत असे. एके दिवशी सातपुड्याकडची एक म्हातारी बाई आली. तिला नारळ, दिवा आणि पूजेचे साहित्य हवे होते, पण जवळचे पैसे संपले होते. तिने पदराची गाठ सोडून चांदीचा एक जुना रुपया आबांच्या हातावर ठेवला. ‘माझा मुलगा पलीकडे उतरला आहे, त्याच्याकडून पैसे आणते आणि हा सोडवून नेते,’ असे ती म्हणाली. आबांनी साहित्य दिले. गर्दी लोटली, संध्याकाळ झाली, यात्राही सरली. बाई परत आली नाही. आबांनी तो रुपया पत्र्याच्या डब्यात टाकला. मायने एक-दोनदा तो मोडण्याची गोष्ट काढली, तेव्हा ‘तारण आहे’ एवढे म्हणून त्यांनी विषय मिटवला.

अशी नऊ-दहा वर्षे गेली. मग मोबाइल नावाची वस्तू आमच्या घाटावरही आली आणि तिच्याबरोबर जुन्या नाण्यांना लाखोंचा भाव मिळत असल्याच्या जाहिराती आल्या. अमुक साली छापलेली नोट, तमुक देवीचे नाणे, उलटा ठसा, अर्धा ठसा. जे असेल त्याला लाख, दोन लाख, पाच लाख! गावातले लोक देव्हाऱ्यातली नाणी धुऊन पुसून पाहू लागले. त्याच सुमारास एक फिरता खरेदीदार घाटावर आला. त्याने आबांचा रुपया उलटसुलट करून पाहिला आणि तो म्हणाला, “अर्धा ठसा उठलेलाच नाही. टाकसाळीची चूक आहे. दोन हजार देतो.” जो माणूस पाहताक्षणी दोन हजार देतो, त्याच्या मनात काही जास्त असणार, एवढा व्यवहार आबांना कळतो. त्यांनी रुपया दिला नाही. पुढे शेजारच्या पोराने त्याचा फोटो कुठेसा पाठवला आणि दोन दिवसांत फोन आला : किंमत तीन लाख, मात्र आधी नोंदणीचे साडेतीन हजार भरावे लागतील.

ते दिवस कसे होते, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. धाकटी बहीण बारावी झाली होती आणि तिला नर्सिंगला जायचे होते. प्रवेशाची यादी लागली होती, पण फीची सोय झाली नव्हती. बाई येणार नाही हे इतक्या वर्षांत आबांनी मनाशी मानलेच असावे. आता एक रुपया मुलीची तीन वर्षे काढून देईल असे दिसू लागले. त्या रात्री त्यांनी डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “तू कॉलेजमा शिकस ना? मंग सांग, हाई खरं शे का खोटं?”

दोन वर्षे मी एस.टी.ने तालुक्याला जाऊन येऊन शिकत होतो. त्या शिक्षणाला आमच्या घराने पहिल्यांदाच काम सांगितले होते. मी चार दिवसांची मुदत मागून घेतली.

आमच्या इतिहासाच्या सरांनी ग्रंथालयातून नाणकशास्त्रावरची दोन पुस्तके काढून दिली आणि भूगोल विभागातून भिंग मिळाले. सरांचे पहिले वाक्य माझ्या लक्षात राहिले. ते म्हणाले, “आधी नाणे बनते कसे ते समजून घे. जी खूण त्या कृतीतून निघू शकते ती टाकसाळीची. जी निघूच शकत नाही ती नंतरची.”

यंत्राच्या टाकसाळीत आधी धातूचा पत्रा लाटून त्यातून गोल चकत्या कापतात. चकती खालच्या ठशावर बसते आणि तिच्याभोवती पोलादी कडे असते. वरून दुसरा ठसा प्रचंड दाबाने येतो. दोन्ही बाजूंची चित्रे आणि कडेचे बारीक कंगोरे बहुधा एकाच दाबात उमटतात. ठशावरचे चित्र उलटे आणि खोल असते, म्हणून नाण्यावर ते सुलटे आणि उंच येते. एवढे समजले की पुढच्या बऱ्याच कसोट्या आपोआप सुचतात.

पहिली कसोटी उंच की खोल, ही. ठशाला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक उंच रेघ येते. ही रेघ टाकसाळीची. खिळ्याने, चाकूने किंवा दगडाने आलेला ओरखडा मात्र खोल असतो आणि त्याच्या काठाला सरकलेला धातू बोटाला लागतो. नखाने तपासता येईल इतका हा सोपा फरक आहे.

दुसरी कसोटी दोन्ही बाजूंची. चकती ठशाखाली नीट बसली नाही, तर चित्र एका अंगाला सरकते आणि उरलेला भाग चंद्रकोरीसारखा कोरा राहतो. पण मग तो दोन्ही बाजूंना कोरा राहिला पाहिजे, कारण चकती एकच आणि दाब एकच. एखादे वेळी आधीचे नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर त्याचेच चित्र उलटे व खोल उमटते. अशा नाण्याला जाणकार चांगली किंमत देतात. म्हणूनच काही लोक दोन नाणी पकडीत दाबून तसले नाणे ‘तयार’ करतात. ते ओळखायचे तर पाठ पाहावी. पकडीत दाबलेल्या नाण्याची दुसरी बाजू चेपलेली असते.

तिसरी कसोटी वजनाची. ठसा नीट न उठलेल्या नाण्यातून धातू कुठे जात नाही. त्याचे वजन पूर्ण भरते. झिजलेले, कानसलेले किंवा तेजाबात बुडवलेले नाणे हलके भरते. पत्र्याच्या कडेवर कापली गेलेली अपुरी चकतीही हलकी असते हे खरे. पण तिच्यात कापल्या जागेच्या बरोबर समोरची कड बहुधा फिकी उठते. घरी कातरलेल्या नाण्याची समोरची कड ठसठशीत असते.

पुस्तके वाचताना असेही दिसले, की प्रत्येक वेगळेपणाला चूक म्हणता येत नाही. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावर हत्तीचे चित्र होते. ते इतके ठेंगणे आले, की लोकांना ते डुकरासारखे दिसले आणि त्यावरून ओरड झाली. सरकारने ती नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट काढली. हा दोष नमुन्यातला होता. तो त्या सालच्या प्रत्येक रुपयावर आहे, म्हणून ती एका नाण्याची चूक ठरत नाही. १९४३ ते १९४७ च्या काळातला भोकाचा पैसा आपल्या आजी-आजोबांनी पाहिला असेल. युद्धाच्या दिवसांत तांबे वाचावे म्हणून ते भोक टाकसाळीतच पाडलेले असे. त्यात भोक नसणे ही चूक. आणि देवीच्या टाकात किंवा पोराच्या करदोट्यात ओवण्यासाठी इतर नाण्यांना घरी पाडलेले भोक ही इजा. तिच्या मागच्या बाजूला धातूची कड बाहेर आलेली दिसते.

हाताने ठोकलेल्या नाण्यांची गोष्ट आणखी वेगळी. शिवरायांच्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, शिवाय घण मारणारा माणूस. त्यामुळे एखादे अक्षर बाहेर राहणे हीच तिथली रीत होती. त्या नाण्यांत चुका शोधणे म्हणजे मायच्या भाकरीत कंपासने वर्तुळ शोधण्यासारखे आहे. मोगली रुपयांवर सराफांनी चांदी तपासण्यासाठी मारलेले बारीक शिक्के असतात. ते टाकसाळीनंतरचे खरे, पण त्यांना नासधूस कोण म्हणेल?

आणि नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये जो साठा सापडला, त्याने तर ही सगळी वाटणीच उलटून टाकली. त्यात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांची टेकडी उमटली आहे. टाकसाळीच्या नजरेने पाहिले तर मूळ नाणे बिघडले. इतिहासाच्या नजरेने पाहिले तर एक राज्य गेले आणि दुसरे आले, याची साक्ष त्या बिघाडानेच दिली.

एवढी तयारी करून मी रुपयाकडे वळलो. दुपारच्या उन्हात तो तिरपा धरला, तेव्हा साल वाचता आले : १९१८. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी टंचाई झाली होती, की त्याच साली अमेरिकेने आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी इंग्रजांना चांदी विकली. आबांच्या डब्यातल्या रुपयात न्यूयॉर्कच्या एखाद्या दुकानात खर्चलेला डॉलरही असू शकेल, या विचाराने क्षणभर मजा वाटली.

मग राजाची बाजू पाहिली. मुकुट, दाढी आणि झग्यावरचा तो सुधारलेला हत्ती, सारे थोडे मळलेले पण जागच्या जागी होते. पाठीवर मात्र वेलबुट्टीचा खालचा भाग पुसून गुळगुळीत झाला होता. तिथे ठसा उठलाच नसता, तर त्याच जागी राजाच्या बाजूलाही काही उणे दिसायला हवे होते. तसे काही नव्हते. भिंगातून पाहिल्यावर त्या गुळगुळीत भागावर केसासारख्या असंख्य बारीक रेघा दिसल्या आणि सगळ्या खोल होत्या. कडेवर, राजाच्या मुकुटाच्या बरोबर वर, चार-पाच कंगोरे करड्या धातूने बुजलेले होते.

शेवटी तालुक्याच्या बाजारात एका वयस्क सोनारबाबांकडे गेलो. त्यांनी भिंग मागितलेही नाही. अंगठ्याने कड चाचपून ते म्हणाले, “ही झाळ आहे. इथे कडी होती. माळेतला रुपया आहे हा.” मग त्यांनी तो काट्यावर टाकला : दहा ग्रॅम आणि नव्वद सेंटिग्रॅम. १९१८ चा रुपया कोरा असताना ११.६६ ग्रॅमचा असे. जुना तोळा म्हणजे याच रुपयाचे वजन. पाऊण ग्रॅम चांदी कमी भरत होती.

आता सगळे जुळले. आपल्या भागात आणि सातपुड्याच्या पाड्यांत बायका रुपयांची माळ गळ्यात घालतात. राजाचे तोंड बाहेर आणि पाठ अंगाला, अशी ती माळ घडवतात. कडी वर असल्यामुळे रुपयाचा खालचा भाग अधिक हलतो आणि अंगाला, लुगड्याला घासतो. शेतात वाकताना, जात्यावर दळताना, डोक्यावरून पाणी आणताना तो घासतच राहतो. ही पाऊण ग्रॅम चांदी कोणत्याही टाकसाळीने कमी घातलेली नव्हती. ती एका बाईच्या, कदाचित तिच्या आईच्याही, आयुष्यभराच्या कामात झिजली होती. आणि ज्या दिवशी तिच्याकडे नारळापुरते पैसे नव्हते, त्याच्या आधीच कधीतरी ती माळ मोडली गेली असावी. पदराच्या गाठीत एक रुपया उरला होता.

चौथ्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर मी आबांना हे सांगायला बसलो. परीक्षेत उत्तर लिहिणे सोपे असते, कारण खऱ्या उत्तराला तिथे गुण मिळतात. इथे खरे उत्तर दिले की तीन लाख जाणार होते. बहीण चुलीजवळ भांडी आवरत होती आणि तिचे हात थांबले होते, हे मला दिसत होते. मी आबांना रुपयाची कड हाताने चाचपायला लावली, झाळ दाखवली, वजन सांगितले. फोनवरच्या माणसाबद्दलही सांगितले. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपले नाव सांगून फी आणि कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा जाहीर इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला होता. त्याची बातमी मी ग्रंथालयातून उतरवून आणली होती, ती वाचून दाखवली.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “म्हंजे रुपया खोटा नही ना?”

“रुपया खरा आहे, आबा. चूक खोटी आहे.”

“गळामाना शे?”

“हो, माळेतला.”

“मंग तिनाच शे तो. ठेव डबामा.”

साडेतीन हजार रुपये पाठवले गेले नाहीत. पुढे दोन-तीनदा फोन आला आणि मग बंद झाला. मायने बचत गटातून कर्ज काढले आणि बहीण नर्सिंगला गेली. हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला असतो आणि त्या आठवड्यात घरात तेल जपून वापरले जाते. हे सारे एका ‘हो’ने टळले असते असे मला कधी कधी वाटते. पण तो ‘हो’ म्हणायला मी इतिहास घेण्याची गरज नव्हती. तो फोनवरचा माणूसही म्हणतच होता.

एका गोष्टीचा विचार मात्र अजून मनातून जात नाही. बाजारात जन्माच्या चुकीला किंमत आहे. यंत्र क्षणभर अडखळले की त्या नाण्याचे भाग्य उघडते. जाणकार त्याला मखमलीवर ठेवतात. शंभर वर्षे घासून झिजलेल्या नाण्याला मात्र मोडीचा भाव. बाजाराचा हा नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. दुर्मीळ ते महाग, हे अर्थशास्त्राचे सर आम्हाला शिकवतात आणि झिजलेली माणसे काही दुर्मीळ नाहीत. आबांच्या तळहाताच्या रेषा नारळाच्या शेंड्या ओढून पुसल्या आहेत. मायच्या बोटांची तीच गत आहे. या झिजेचा भाव कोणत्या काट्यावर काढायचा, हे मला पुस्तकात सापडलेले नाही. पण तिला चूक म्हणू नये आणि तिच्यावर चुकीची किंमत उकळू नये, एवढे त्या चार दिवसांत पक्के झाले.

पुढचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये येतो आहे. बाई तेव्हाच म्हातारी होती. ती येईल असे धरून चालता येत नाही. तरी आबांनी डब्याचे झाकण दुरुस्त करून घेतले आहे. रुपया चिंचेने किंवा राखेने घासू नका, त्याने उरलेली चांदीही जाईल, असे मी मायला सांगून ठेवले आहे. त्या रुपयावर आमची येणे रक्कम एक नारळ, एक दिवा आणि थोडे पूजेचे साहित्य इतकी आहे. त्याचे व्याज आबांनी लावलेले नाही.